व्हिक्टोरियन जलरंग मनुष्याकृती आणि 'दरबारी चित्रकाराचे असावे' हा शेरा : कागद, रंग, सही कशी तपासायची?

टिपकागद (धागाकर्ता)

इंग्लंडातल्या लहान लिलावांच्या याद्यांत व्हिक्टोरिया राणीच्या दरबाराशी नाते सांगणारे जलरंग सतत येत असतात. उभी बाई, खुर्चीवर टेकलेला हात, रेशमी झगा, चेहरा पूर्ण आणि बाकी अर्धवट. खाली 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू विंटरहाल्टर', 'सर्कल ऑफ शालॉन' किंवा 'सर जॉर्ज हेटर' असा शेरा; तिघेही राणीच्या दरबाराशी जोडलेले व्यक्तिचित्रकार. तेलचित्रांच्या मानाने किमती आवाक्यात असतात, त्यामुळे भारतातले आणि परदेशी राहणारे बरेच मराठी संग्राहकही इकडे वळतात. हे नामकरण कितपत धरायचे आणि कागद हातात आल्यावर क्रमाने काय तपासायचे, यावर जाणकारांनी लिहावे.

चर्चेला धरायला एक नमुना देतो. आकार ३१ × २३ सेंमी. निळ्या झग्यातली बाई. चेहरा आणि केस पूर्ण, झगा निम्मा रंगवलेला, हात नुसते पेन्सिलीत. कागद उजेडाआड धरला की डाव्या कडेला अर्धे कापलेले जलचिन्ह (कागद बनवतानाच उमटवलेली कारखान्याची खूण) दिसते : 'व्हॉटमन' या इंग्लिश कागदवाल्याच्या नावाची शेवटची अक्षरे, खाली 'टर्की मिल'चा शेवट आणि १८४४. पेन्सिलीच्या चौकोनी घरांचे जाळे आहे. खाली डावीकडे पेन्सिलीत 'विंटरहाल्टर'. चौकटीच्या पाठीवर फ्रेमवाल्याचे लेबल, पत्त्यात 'एस.डब्ल्यू.१'. यादीतले वर्णन : 'दरबारातील स्त्रीच्या व्यक्तिचित्राचा अभ्यास, सुमारे १८४२'.

जुनाकागद

नमुना चांगला निवडलात. यादीतला '१८४२' तुमच्या जलचिन्हानेच खोडला आहे. कागदच १८४४ चा, तर चित्र १८४२ चे कसे असेल?

आधी यादीची भाषा, कारण पैसे तिथेच जातात. मोठ्या लिलावगृहांच्या अटींत या शब्दांचे ठरलेले अर्थ छापलेले असतात आणि ते उतरत्या क्रमाने वाचायचे. नुसते पूर्ण नाव म्हणजे त्यांच्या मते चित्र त्याच चित्रकाराचे. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचे, पूर्ण किंवा काही भाग. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेतले, कदाचित त्याच्या देखरेखीखालचे. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच काळातले, त्याच्या प्रभावाचे, हात दुसरा. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्या शैलीत काम करणाऱ्याचे; तो शिष्य असेलच असे नाही. 'मॅनर ऑफ' म्हणजे शैली तीच पण काळ नंतरचा. 'आफ्टर' म्हणजे नक्कल. लहान लिलावगृहे हे शब्द सैल हाताने वापरतात, म्हणून त्यांच्या अटींचे पान बोलीच्या आधी उघडून वाचा. सहीचेही तसेच. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ सही आहे, पण ती चित्रकाराने केली असे आम्ही म्हणत नाही.

आता जलचिन्ह. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॉटमनचे नाव दोन गिरण्यांकडे गेले. टर्की मिलवाले हॉलिंगवर्थ 'जे व्हॉटमन टर्की मिल' असे टाकू लागले. बाल्स्टन यांच्या स्प्रिंगफील्ड मिलच्या कागदावर नुसते 'जे व्हॉटमन' असते. वर्ष टाकायची पद्धत १७९४ च्या कर-कायद्यामुळे आली आणि कायद्याची ती अट गेल्यावरही चालू राहिली. हे वर्ष फक्त खालची मर्यादा सांगते : त्याआधी नाही. नंतर किती, हे त्यातून कळत नाही. कोरा कागद वीस वर्षे कपाटात पडून राहू शकतो, आणि नक्कल करणारे जुन्या अल्बमांची कोरी पाने मुद्दाम गोळा करतात.

अशा जुन्या कोऱ्या पानावर नंतर रंगवले असेल तर ते कसे ओळखायचे? कागदावर जिलेटिनचे साइझिंग (रंग आत शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप) असते आणि काळाने ते मरते. मेलेल्या साइझिंगवर जलरंग टीपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जातो, ब्रशच्या कडा पसरतात आणि रंग पाठीमागून डोकावतो. ताज्या कागदावर रंगवलेल्या चित्रात प्रत्येक थराची कड कोरीव असते. दुसरी खूण घडीची. जुन्या घडीच्या खोबणीत रंग साचून गडद रेघ झाली असेल तर घडी आधीची, रंग नंतरचा. तांबूस ठिपक्यांचेही तसेच. ठिपका रंगाच्या थरातून वर आलेला दिसायला हवा. ठिपक्यावर रंग नीट बसवलेला दिसला तर हात आखडा.

आणखी एक. पूर्ण इम्पिरिअल ताव साधारण ७६ × ५६ सेंमी असतो, त्याचा चौथा भाग ३८ × २८. तुमचा कागद त्याहूनही लहान आणि जलचिन्ह अर्धे कापलेले, म्हणजे कधीतरी छाटलेला. तावाच्या एखाद-दुसऱ्या तुकड्यातच जलचिन्ह येते. ते नसले म्हणून कागद खोटा ठरत नाही. ब्रिस्टल बोर्ड किंवा लंडन बोर्ड असेल तर जलचिन्ह नसतेच. कोपऱ्यात मुकुटाचा किंवा कारखान्याच्या नावाचा बिनशाईचा उठाव बोटाने चाचपून पाहा.

भिंगवाली

टिपकागद, जाळ्याबद्दल एक प्रश्न आधी विचारते, कारण निम्मा निकाल त्यावर आहे. घरांच्या रेघा रंगाच्या खाली आहेत की वर? आणि एका घराची बाजू किती मिलिमीटर भरते?

ही गोष्ट दहापट भिंगाखाली, बाजूने पडणाऱ्या उजेडात बघायची. टॉर्च कागदाच्या पातळीत आडवी धरा. ग्रॅफाइट चकाकते. रेघ रंगावरून गेली असेल तर चकाकी सलग दिसते आणि रंगाच्या थरावर बारीक ओरखडा उमटलेला असतो. रेघ रंगाखाली असेल तर पातळ भागात ती निस्तेज होऊन दिसते आणि जाड रंगाशी तुटते.

चित्रकार स्वतःचा अभ्यास मोठ्या कॅनव्हासवर नेतो तेव्हा तयार चित्रावर जाळे आखतो. नक्कल करणारा आधी कोऱ्या कागदावर जाळे आखतो, मग समोरचे चित्र घराघराने उतरवतो.

तीच नजर बाह्यरेषेवर लावा. खऱ्या अभ्यासात पेन्सिल शोध घेत असते : खांद्याला दोन-तीन रेघा, कोपर एकदा वर एकदा खाली, खुर्चीची पाठ हलवलेली. ट्रेस केलेल्या रेघेवर दाब सगळीकडे सारखा असतो आणि ती कुठेही चुकत नाही. न चुकणारी रेघ संग्राहकाने भीतीने बघावी.

टिपकागद

भिंगाखाली पाहिले. रेघा रंगाच्या खाली आहेत. घराची बाजू १२.७ मिमी, सगळीकडे सारखी. हातांच्या जागी बाह्यरेषा एकेरी आहे.

भिंगवाली

१२.७ मिमी म्हणजे बरोबर अर्धा इंच. इंग्लिश पट्टी. विंटरहाल्टर जन्माने ब्लॅक फॉरेस्टमधला आणि १८७० पर्यंत त्याचे बिऱ्हाड मुख्यतः पॅरिसला. तो इंग्लंडला येऊन काम करी, त्यामुळे इंग्लिश कागद त्याच्या हाती पडणे शक्य आहे. पण इंग्लिश कागद, इंग्लिश इंच, रंगाखालचे जाळे आणि एकेरी रेघ ही चारही एकत्र आली की इंग्लिश नक्कलकाराकडे बोट जाते.

आता चेहरा बघा. गाल आणि कपाळ बारीक ठिपक्यांनी भरले आहे का?

टिपकागद

हो. गालावर गुलाबी आणि करडे ठिपके आळीपाळीने, कपाळावर तिरक्या बारीक रेघा. केसांत आणि खुर्चीच्या गर्द मखमलीत चकचकीत थर आहे, बारीक तडे गेलेला.

भिंगवाली

ठिपके आणि तिरक्या रेघा ही हस्तिदंती लघुचित्रांची सवय. इंग्लंडमध्ये लघुचित्रकार म्हणून तयार झालेला हात कागदावरही असाच चालतो. चकचकीत थर गम अरेबिकचा, म्हणजे आपल्या बाभळीच्या डिंकाच्या भावंडाचा. गर्द जागा खोल दिसाव्यात म्हणून वरून चढवत. तो काळाचा पुरावा म्हणून चांगला आहे, पण फार नाजूक. ओल्या कापसाचा बोळा नुसता टेकला तरी विरघळून निघतो. असे चित्र घरी 'साफ' करायला जाऊ नये.

निळावंती

भिंगाखाली छापील चित्र कसे ओळखायचे, हेही सांगा. हाताने रंगवलेले लिथोग्राफ (दगडावरून काढलेले छापे) जलरंग म्हणून येतात असे ऐकून आहे.

भिंगवाली

येतात, आणि विंटरहाल्टरच्या नावाने सगळ्यात जास्त, कारण त्याच्या दरबारी चित्रांची लिथोग्राफ आणि कोरीव छापे त्या काळी मोठ्या संख्येने निघाले. लिथोच्या खडूचा कण कागदाच्या उंचवट्यांवर बसतो तसाच पेन्सिलीचाही, म्हणून नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. आडवी टॉर्च मारली की पेन्सिल चंदेरी चकाकते. लिथोची शाई काळी, तेलकट, बिनचकाकीची. हाताने न रंगवलेली जागा शोधा, उदाहरणार्थ पार्श्वभूमीची कड. तिथे कण सुटे दिसतील.

फोटोवर रंगवलेली चित्रे त्याहून फसवी. १८५० च्या दशकापासून सॉल्ट प्रिंट आणि अल्ब्युमेन प्रिंटवर जलरंग चढवायचे काम जोरात होते. तिथे भिंगाखाली ना पेन्सिल दिसते ना दाणा. छटा सलग वाहत जातात. बोटे आणि लेसची कड बघा. चित्रकार लेस सुचवतो, कॅमेरा प्रत्येक भोक दाखवतो. उशिराच्या छाप्यांत, म्हणजे क्रोमोलिथो किंवा कॉलोटाइपमध्ये, ठिपक्यांचा किंवा सुरकुत्यांचा एकसारखा साचा सगळ्या चित्रभर पसरलेला असतो.

पांढराकुंचला

रंगांबद्दल लिहितो. यूव्ही टॉर्च घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरची, गाळणी असलेली घ्या. स्वस्त ३९५ ची जांभळी टॉर्च कामाची नाही. खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांना यूव्ही चष्मा, आणि कागदावर झोत अर्ध्या-एक मिनिटापेक्षा जास्त नको.

पहिले बघायचे ते कागद. १९५० च्या आसपासपासून कागदात चकाकी आणणारी रसायने आली. कागद निळसर-पांढरा झगमगला तर पुढचे काही तपासायची गरज उरत नाही. जुना चिंध्यांचा कागद मंद पिवळट किंवा करडा दिसतो. मात्र माउंट (चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा) झगमगला तर घाबरू नका, तो नंतर बदललेला असू शकतो.

दुसरे, पांढरा रंग. विन्सर अँड न्यूटनने झिंक ऑक्साइडचा 'चायनीज व्हाइट' १८३४ मध्ये जलरंगांत आणला. तो यूव्हीखाली पिवळसर-हिरवा उजळतो. लेसच्या कडा, मोत्यांवरचे थेंब, डोळ्यांतली चमक इथे तो सापडावा. टायटॅनियम पांढरा काळपट जांभळा दिसतो आणि तो पहिल्या महायुद्धाच्या काळानंतरचा. पण एका ठिपक्यावरून निकाल देऊ नका. कुणी नंतर डागडुजी केली असेल. सगळी लेसच टायटॅनियमची असेल तर मात्र संपले. शिशाचा पांढरा वापरला असेल तर तो हवेतल्या गंधकाने काळवंडतो : मोती करडे, डोळ्यातली चमक काळी. हा दोष दिसायला भयंकर, पण संवर्धक तो बऱ्याच अंशी उलटवू शकतो. अशी चित्रे स्वस्तात जातात, म्हणून ओळखता यायला हवीत.

तिसरे, गाल आणि ओठ. खऱ्या मंजिष्ठाच्या मुळाचा मॅडर यूव्हीखाली नारिंगी-गुलाबी उजळतो. कोचिनील किड्यापासूनचा कार्माइन तसा उजळत नाही.

वर्षांची मोजपट्टी लक्षात ठेवा : कोबाल्ट निळा १८०२, एमराल्ड ग्रीन १८१४, व्हिरिडियन १८५९ चे पेटंट, कृत्रिम अ‍ॅलिझरिन १८६८-६९, थॅलो निळा १९३५. १८४० च्या दशकातल्या झग्यात थॅलो सापडला तर प्रश्नच मिटला, पण ते सांगायला प्रयोगशाळा लागते. टॉर्चने जमत नाही. एमराल्ड ग्रीनमध्ये आर्सेनिक असते. हिरवा रंग भुकटी होऊन सुटत असेल तर हातमोजे घाला, फुंकर मारू नका.

निळावंती

आमच्याकडच्या बऱ्याच चित्रांत चेहरे पांढरेफटक दिसतात आणि सावल्या मात्र करड्या-तपकिरी. चित्रकार कच्चा, की रंग उडाला?

पांढराकुंचला

बहुतेक वेळा रंग उडाला. कार्माइन, क्रिम्झन लेक, काही पिवळे लेक आणि इंडिगो हे उजेडाला टिकत नाहीत. रसेल आणि अ‍ॅबनी यांनी १८८८ मध्ये जलरंगांवर उजेडाचा परिणाम मोजून अहवाल दिला, तेव्हापासून हे कागदोपत्री सिद्ध आहे. चेहऱ्याची लाली जाते, खालचे करडे मॉडेलिंग उरते आणि माणूस आजारी दिसू लागतो. इंडिगो आणि पिवळ्याच्या मिश्रणातली झाडे आधी निळी किंवा तपकिरी होतात.

तपासायची जागा एकच : माउंटने झाकलेली कड. तिथे दोन-तीन मिलिमीटरची मूळ रंगाची पट्टी शिल्लक असते. विकणाऱ्याकडे माउंटखालच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो मागा. उडालेला रंग कुठलाच संवर्धक परत आणत नाही. ओल, डाग, फाटलेली कड यांवर इलाज आहे, यावर नाही. म्हणून किंमत ठरवताना रंगउतार हा फाटण्यापेक्षा मोठा दोष धरावा.

जुनाकागद

चित्रकारांच्या तारखा पाठ असल्या तर निम्म्या सह्या तिथल्या तिथे निकालात निघतात.

आल्फ्रेड एडवर्ड शालॉन, १७८० ते १८६०. राणीचा जलरंगातला व्यक्तिचित्रकार. त्याने १८३७ मध्ये राज्यवस्त्रांतल्या नव्या राणीचे जलरंग केले. ते सॅम्युअल कझिन्सने कोरले आणि त्यावरून वसाहतींच्या टपाल तिकिटांवरचे प्रसिद्ध 'शालॉन हेड' आले. तिकीट गोळा करणाऱ्यांना न्यूझीलंड, टास्मानिया, क्वीन्सलँडची तिकिटे आठवतील. लंडनच्या रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य ('आर.ए.') तो १८१६ मध्ये झाला. सहीपुढे 'आर.ए.' आणि वर्ष १८१२ असेल तर सही मागाहूनची. भाऊ जॉन जेम्स शालॉनही चित्रकार, १८५४ मध्ये वारला. नुसत्या 'शालॉन' सहीवर आद्याक्षरे कुणाची आहेत ते पाहा.

सर जॉर्ज हेटर, १७९२ ते १८७१. आधीचा दरबारी चित्रकार विल्की १८४१ मध्ये वारल्यावर हेटर प्रिन्सिपल पेंटर इन ऑर्डिनरी, म्हणजे राणीचा मुख्य चित्रकार झाला, 'सर' १८४२ मध्ये. त्याआधीच्या चित्रावर त्याच शाईत 'सर जॉर्ज' आले की शंका घ्या. अर्थात नंतरच्या मालकाने पाठीवर तसे लिहिणे स्वाभाविक आहे. बाप चार्ल्स आणि भाऊ जॉन हे दोघेही चित्रकार, आणि जॉन तर १८९५ पर्यंत जगला. घरातल्या घरात नावांची सरमिसळ फार. हेटर मोठ्या समूहचित्रांसाठी एकेका माणसाचा अभ्यास करायचा, त्यामुळे त्याच्या नावाचे खरे अभ्यास बाजारात येणे तर्काला धरून आहे.

विंटरहाल्टर, १८०५ ते १८७३. राणीसाठी काम १८४२ पासून. त्याआधीच्या तारखेचा 'इंग्लिश दरबारातला' अभ्यास जवळजवळ अशक्य. आणि मुख्य मुद्दा : तो बहुधा पूर्वतयारीचे अभ्यास न करता थेट कॅनव्हासवर उतरायचा. म्हणून 'तेलचित्राचा पूर्वाभ्यास' हे वर्णन हेटरच्या बाबतीत जितके सहज पटते तितकेच विंटरहाल्टरच्या बाबतीत खटकते.

सांगाती

शेवटच्या मुद्द्याला थोडी मुरड घालतो. विंटरहाल्टरने जलरंग केलेच नाहीत असा अर्थ कुणी काढू नये. रॉयल कलेक्शनमध्ये (ब्रिटिश राजसंग्रहात) त्याचे सही-तारखेचे जलरंग आहेत. पण ते स्वतंत्र, पूर्ण केलेली व्यक्तिचित्रे म्हणून. प्रश्न 'अभ्यास' या शब्दाचा आहे.

कसोटी अशी लावा : जलरंग आणि माहीत असलेले तेलचित्र शेजारी ठेवा. खऱ्या पूर्वाभ्यासात काहीतरी वेगळे असते, कारण चित्रकाराचे अजून ठरलेले नसते : मान दुसरीकडे, पंखा नाही, खुर्ची डावीकडे. जलरंग तेलचित्राशी बटणाबटणाने जुळत असेल तर तो नंतरचा आहे. उलटा जुळत असेल, म्हणजे डावे उजवीकडे, तर छाप्यावरून केलेला असू शकतो. आकृतीची डोक्यापासून पायापर्यंत उंची मोजा आणि छाप्यातल्या आकृतीची उंची संग्रहालयाच्या नोंदीतल्या मापावरून काढा. मिलिमीटरपर्यंत जुळली तर ट्रेसिंग.

नक्कल म्हणजे फसवणूक असेही समजू नये. राजघराण्यातच विंटरहाल्टरच्या नकला मागवल्या जात. धाकट्या विल्यम कॉर्डनने राणीसाठी अशा नकला केल्या, हेन्री पियर्स बोन मीनाकामात करायचा. राणी स्वतः जलरंग करायची. विल्यम लीटन लीच तिचा शिक्षक होता. शिवाय घरोघरच्या शिकलेल्या मुली छापे समोर ठेवून रंगवीत. हे सगळे कागद प्रामाणिकपणे जन्मले. खालचे नाव कुणीतरी विकताना टाकले.

दरबारी नाव हवेच असेल पण विंटरहाल्टरच्या सापळ्यात पडायचे नसेल, तर दोघांकडे लक्ष द्या. केनेथ मॅकले, १८०२ ते १८७८ : राणीच्या सांगण्यावरून हायलँडर्सची व्यक्तिचित्रे जलरंगात केली, ती १८७० मध्ये लिथोग्राफ होऊन निघाली. त्यामुळे भिंगवालींनी सांगितलेली टॉर्च इथे हमखास मारायची. कार्ल हाग, १८२० ते १९१५ : बव्हेरियाचा, १८५३ मध्ये बालमोरलला (राणीचा स्कॉटलंडमधला वाडा) राणीसाठी काम केले, पुढे कैरोला जाऊन अरबांच्या आकृत्या केल्या. त्याच्या आकृत्यांत अंगाची घडण पक्की असते.

आपल्याला जवळचा तिसरा, एग्रॉन लुंडग्रेन हा स्वीडिश, १८१५ ते १८७५. दरबारी व्यक्तिचित्रकार नव्हे, पण राणीसाठी त्याने नाटकांची दृश्ये जलरंगात केली. १८५८ मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅग्न्यू या चित्रव्यापाऱ्यांसाठी तो हिंदुस्थानात आला. लखनौकडची फौज, शिपाई, नोकरचाकर यांची त्याची झटपट रेखाटने बघण्यासारखी असतात : चार फटकाऱ्यांत पागोट्याचे वजन कळते. असे काही आले तर नाव नसले तरी थांबून बघावे.

निळावंती

पोशाखावरून वर्ष ठरवता येते ना?

सांगाती

दहा वर्षांच्या आत नक्की येते. दंडाशी फुगलेल्या मोठ्या बाह्या १८३६ च्या सुमारास बसल्या. १८४० च्या दशकात बाही अंगाला चिकटलेली, कंबर पुढे टोकदार होऊन खाली उतरलेली, केसांचा मधोमध भांग आणि कानांवर बटा. पोलादी पिंजऱ्याचा क्रिनोलिन १८५६ पासून. मागे फुगवटा असलेला बसल १८६० च्या दशकाअखेरीस. झगा १८५८ चा आणि खाली तारीख १८४४ असे दिसले तर तारीख खोटी.

खांद्यावरची पदके आणखी चोख. रॉयल ऑर्डर ऑफ व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १८६२ मध्ये स्थापन झाली. पांढऱ्या फितीच्या गाठीवर राणी आणि अल्बर्ट यांची जोडमुखे असलेले पदक दिसले तर चित्र त्याआधीचे नाही. क्राउन ऑफ इंडिया १ जानेवारी १८७८ पासून.

आणि टिपकागद, तुमचे लेबल : लंडनच्या टपाल विभागांना आकडे १९१७ मध्ये जोडले गेले. 'एस.डब्ल्यू.१' म्हणजे ही चौकट १९१७ नंतरची. फ्रेमवाल्याचे लेबल चौकटीची जन्मपत्रिका आहे, चित्राची नव्हे.

रेघोटी

खर्च आणि कायदा, कारण इथे नुकसान ताबडतोब होते.

समजा हातोडा ८०० पौंडांवर पडला. प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेते ती रक्कम) २६ टक्के म्हणजे २०८. त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, ४१.६०. एकूण १,०४९.६०, आणि त्यात पॅकिंग, विमा, वाहतूक, इथला आयातकर अजून आलेलाच नाही. ऑनलाइन मंचावरून बोली लावली तर त्यांचे वेगळे टक्के. प्रीमियमचा दर प्रत्येक लिलावगृहाचा निराळा, तेव्हा आधी वरची मर्यादा एकूण रकमेवर ठरवा आणि तिथून मागे येत बोली काढा. चित्रावर नाव नसते तर किती दिले असते, तेवढीच ती मर्यादा असावी.

ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनी कलाकृती बाहेर काढताना परवान्याचा प्रश्न किमतीप्रमाणे येतो. लिलावगृहाला बोलीपूर्वी लेखी विचारा. बिलावर माध्यम, अंदाजे वर्ष आणि 'कागदावर जलरंग' हे शब्द नीट लिहून घ्या, नाहीतर कस्टममध्ये ती सजावटीची छापील चित्रे ठरतात.

भारतात आणताना एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षे जुन्या चित्राला पुरावस्तू म्हणतो आणि खासगी माणसाला पुरावस्तू निर्यात करता येत नाही. चित्र कुठल्या देशात काढले, यावर ती व्याख्या थांबत नाही. इथे आणलेले चित्र उद्या पुन्हा लंडनला विकायला पाठवू, असा हिशेब करू नये. परदेशी राहणाऱ्यांनी मुंबई-पुण्याच्या घरी चित्र आणण्याआधी याचा विचार करावा, आणि आणलेच तर आयातीची सगळी कागदपत्रे जपावीत.

हस्तिदंतावरची लघुचित्रे कितीही मोहक असली तरी लांब राहा. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. १९१८ आधीच्या छोट्या लघुचित्रांना नोंदणी करून सूट मिळते, पण ती तिथल्या व्यवहारापुरती. भारतात ती तुमच्या उपयोगाची नाही.

पांढराकुंचला

जपणुकीचे राहिले. आपल्या पावसाळ्यात हा विषय इंग्लंडपेक्षा कडक आहे. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ६५-७० च्या वर सलग राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात-मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याच्या पुष्कळ वर असते. उजेड ५० लक्सपेक्षा जास्त नको. वर्षातले तीन-चार महिने भिंतीवर, बाकी पेटीत अंधारात.

जुना माउंट लाकडी लगद्याचा असेल तर खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ भाजलेली दिसते. तो माउंट लगेच बदला. पण चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेले असेल तर ओढून काढू नका, ते संवर्धकाचेच काम. नवा माउंट सुती रॅग बोर्डचा, निदान दीड मिलिमीटर जाड. चित्र वरच्या कडेला दोनच बिजागऱ्यांवर टांगायचे, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, भिजवून मंद आचेवर वीस-तीस मिनिटे ढवळत शिजवा, गार झाल्यावर बारीक चाळणीतून काढा आणि ताकाइतकी पातळ करा. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनला कसर लागते. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, तो तर अजिबात नको, तांब्याने कागद काळा पडून ठिसूळ होतो. चिकटपट्टी कुठल्याही जातीची वर्ज्य.

काच यूव्ही रोखणारी. अ‍ॅक्रिलिक हलके असते, पण अभ्यासात खडू किंवा कोळसा असेल तर त्याच्या स्थिर विजेने कण उचलले जातात. तिथे लॅमिनेटेड काचच घ्या. काच चित्राला टेकू देऊ नका. पाठीला पॉलिप्रॉपिलीनचा पन्हाळी पत्रा, कडा बंद, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना पाच-सहा मिलिमीटरची बुचे, म्हणजे मागून हवा खेळेल. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा.

टिपकागद

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगातींच्या सांगण्याप्रमाणे झगा पाहिला : बाही चिकटलेली, कंबर टोकदार, कानांवर बटा, पदक नाही. यूव्हीखाली लेस पिवळसर-हिरवी, ओठ नारिंगी, कागद झगमगत नाही. रंग कागदात शोषलेला नाही, कडा कोरीव आहेत. 'विंटरहाल्टर' ही अक्षरे रंगावरून गेली आहेत आणि त्यांचे ग्रॅफाइट खालच्या जाळ्यापेक्षा मऊ, काळे आहे.

भिंगवाली

म्हणजे कागद, रंग, पोशाख सगळे एका काळाचे आणि खरे. नाव तेवढे दुसऱ्या पेन्सिलीचे. ते पुसू नका, तोही कागदाचा इतिहास आहे. मात्र मूळ चित्र शोधा : रॉयल कलेक्शन, ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या ऑनलाइन नोंदींत विंटरहाल्टरवरून केलेले छापे, १८४२ ते १८५० या काळातले, उलटसुलट दोन्ही बाजूंनी. राजसंग्रहातल्या व्हिक्टोरियन जलरंगांची डेलिया मिलर यांनी १९९५ मध्ये दोन खंडांत केलेली सूचीही ग्रंथालयात मिळाली तर पाहा.

जुनाकागद

तोवर पाकिटावर असे लिहून ठेवा, मऊ पेन्सिलीने, चित्र आत घालण्याआधी : 'इंग्लिश चित्रकार, नाव अज्ञात, लघुचित्राच्या पद्धतीचा हात. निळ्या झग्यातली स्त्री, अपूर्ण. पेन्सिलीच्या अर्ध्या इंची जाळ्यावर जलरंग, चायनीज व्हाइट आणि गम अरेबिक. व्हॉटमन टर्की मिल १८४४, छाटलेला, ३१ × २३ सेंमी. बहुधा विंटरहाल्टरच्या चित्रावरून किंवा त्याच्या छाप्यावरून. खाली डावीकडे नंतरच्या हाताने नाव. चौकट १९१७ नंतरची.'